चार कूलर आणि फॉर्मचं मागचं पान

सरकारी फॉर्म भरण्यात आमच्या चाळीत माझा हात धरणारा कोणी नाही! घुग्घुसला मी कोळशाच्या ट्रकवर ताडपत्र्या बांधतो, पण चाळीत मला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात. म्हणताना हसतात, तो भाग वेगळा.

यंदा मात्र प्रसंग बाका होता. घरमालकाला आमची पत्र्याची चाळ पाडून तिथे दुकानं काढायची होती. जूनच्या आत खोल्या सोडा म्हणाला. बाहेरची भाडी ऐकून घाम फुटायचा; तसा मे महिन्यात तो आधीच फुटलेला असतो! तेवढ्यात कळलं, कमी उत्पन्नवाल्यांना नव्या सरकारी इमारतीत स्वस्त भाड्याच्या खोल्या मिळणार आहेत. मी एका बैठकीत चाळीतल्या पाच घरांचे फॉर्म भरून टाकले.

"फारम पुरा वाचला का तुमी?" नंदिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"वाचायचा काय त्यात? फॉर्मचं नुसतं तोंड पाहून सांगतो मी, आत काय आहे ते!"

ती चार दिवस माहेरी राजुऱ्याला गेली आणि इकडे ट्रकवरच्या एका शहाण्याने मला सांगितलं, "घर पाहाले हापिसातली मॅडम येते. कूलर दिसला का नाव कटलं समज!"

झालं! मी तातडीने चाळीची सभा घेतली. ठराव एकमताने पास : सामान लपवायचं. कुठे? तर टोकाच्या खोलीत, गिरजाबाईकडे. गिरजाबाई तळ्यातली मासोळी विकते, एकटी राहते. घरात एक खाट, एक चूल आणि मासोळीचं टोपलं. तिचा फॉर्म मी भरलेला नव्हता, म्हणजे तिथे डोकवायला कोण येणार?

"ठेवा ना बापा," गिरजाबाई म्हणाली. "जीव गेला तरी कोणाले सांगत नाई."

चार कूलर, तीन टीव्ही आणि शेजारच्या बापूरावांचा फ्रिज तिच्याकडे गेला. उत्साहाच्या भरात मी छताचा पंखाही उतरवला. माठ जरा नवा दिसत होता, म्हणून तोही दिला!

तीन दिवस आम्ही तंदुरीसारखे भाजलो. चौथ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत पन्नास! मॅडमनी पाणी मागितलं. मी बादलीतलं दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"उन्हाळ्यात राहता कसे हो?"

"सवय आहे गरिबाला," मी मान खाली घालून म्हणालो. इतका छान अभिनय मी लग्नातही केला नव्हता.

नेमकी तेव्हाच नंदिनी पिशवी घेऊन दारात उभी!

"अगाई! चोरी झाली का जी? कूलर कुठी गेला? पंखा कुठी गेला?"

"कोणता पंखा?" मी म्हणालो.

मॅडम गालात हसल्या आणि यादीचं पान उलटलं. "आता टोकाची खोली. गिरजाबाई."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "पण तिचा फॉर्म तर..."

"मीच भरला," नंदिनी म्हणाली. "मिळालं नाई तं लोक हासतीन, म्हणून बोलली नाई. तिलेबी म्हटलं, कोणाले सांगू नको."

आणि गिरजाबाईने सांगितलं नव्हतं! दोन्ही शब्द पाळले होते बाईने!

मॅडमनी दार लोटलं. आतून थंडगार हवेचा झोत आला. दोन कूलर सुरू होते, दोन विश्रांती घेत होते आणि खाटेवर गिरजाबाई झोपली होती. मे महिन्यात, घुग्घुसमध्ये, गोधडी पांघरून!

"आजी, हे सगळं तुमचं?"

ती दचकून उठली. "हो."

"चार कूलर?"

"मले गरमी जास्त लागते."

"आणि तीन टीव्ही?"

"नजर कमजोर हाये ना."

मॅडमनी पेन काढलं. "हा माल भाड्याने देता का? मग कमाईची चौकशी लावावी लागेल. तोवर अर्ज थांबेल."

"थांबू द्या," गिरजाबाई म्हणाली. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आम्ही पकडले जाऊ नये म्हणून! जूनमध्ये तिला जायला दुसरी जागा नव्हती. स्वतःचं छप्पर जात होतं आणि बाई आमचं सांभाळत होती. मला फार लाज वाटली.

"मॅडम, तो निळा कूलर माझा आहे," मी म्हणालो. "पंखाही. माठही. बाईचं फक्त ते टोपलं आहे. माझं नाव कापा, तिचं कापू नका."

"फ्रिज माहा होय," मागून बापूराव पुटपुटले. मग एकेक करून सगळी चाळच कबूल झाली.

मॅडम चक्रावल्या. "पण लपवलं कशाला?"

"कूलर दिसला की नाव कटतं ना!"

"कोण म्हणालं? चंद्रपूर जिल्ह्यात कूलरवरून नावं कापली तर उरणार कोण? उत्पन्नाचा दाखला आणि स्वतःचं घर नसणं, एवढंच पाहतो आम्ही. मागच्या पानावर ठळक छापलंय!"

"फॉर्मला मागचं पान होतं?" मी विचारलं.

नंदिनीने मॅडमच्या हातातला फॉर्म उलटून माझ्या नाकासमोर धरला.

देवाची आणि त्या मॅडमची कृपा, सहाही नावं यादीत आली. गिरजाबाईला तळमजला, आम्हाला तिसरा मजला. सामान हलवताना मी निळा कूलर उचलला, तर गिरजाबाई म्हणाली, "बाबू, तुये लय उपकार झाले. पहिल्यांदा मे महिन्यात मले अशी झोप लागली. पुन्हा काही लपवाचं राह्यलं तं सांगजो."

उपकार, आणि माझे! मी कूलर तिच्या खिडकीशी ठेवला, पाणी भरलं आणि रिकाम्या हातांनी तीन जिने चढलो. त्या दिवशी मला वाढताना नंदिनीने भाकरीवर तूप घातलं.

आता रोज दुपारी आम्ही दोघं खाली गिरजाबाईकडे झोपायला जातो. ती आनंदाने चटई टाकते. फक्त मला दारात अडवते आणि हात पुढे करते.

"फारम आणला का, वकीलसाहेब? दोन्ही बाजूनं भरला ना?"