खुर्ची क्रमांक एकतीस

वडजाई गावात ज्याला राज्यातले अठ्ठेचाळीस खासदार चेहऱ्यानं ओळखता येत नाहीत, त्याला तपासणीच्या दिवशी संध्याकाळी पाचपासून पुढं कुणी ओळखत नाही. पाचची वेळ अशासाठी, की तपासणीचं कार्यालय पाचला सुटतं. पाळी आली की नोटीस टपालानं येते आणि सही करून घ्यावी लागते, म्हणजे मागाहून आम्हाला कळलंच नाही म्हणायची सोय नाही.

गेल्या साली सायकलवाल्या शिवराम पिसाळांचे दोन खासदार चुकले. एक चुकला असता तरी तेच झालं असतं. ते पाचनंतर घरी गेले तर बायकोनं दारातच विचारलं, कोण पाहिजे? बाई भली, तिनं पाणी दिलं. पण ते चपला काढून आत शिरायला लागले तशी तिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि शेजारी तरी त्यांना कुठं ओळखत होते! आता ते एसटी स्टँडाजवळ पंक्चर काढतात. गिऱ्हाईक रोज विचारतं, नवीन का हो गावात? पहिल्यांदा ते सांगायचे, मी इथलाच. हल्ली हो म्हणतात. हे सगळं कार्यालयाच्या फलकावर नावानिशी लिहिलेलं आहे. लोक फलक वाचून हळहळतात आणि जाताना त्यांच्याकडूनच पंक्चर काढून घेतात.

म्हणून कौसल्याबाई डुबलच्या गिरणीवर नोटीस आली तेव्हा तिनं धसकाच घेतला. नोटीस नवराबायको दोघांच्या नावे होती. नवऱ्याची तिला काळजी नव्हती, तिला स्वतःची होती. सव्वीस वर्षं गिरणी चालवून ती माणसं डब्यांवरून ओळखायला लागली होती. चेपलेला पितळी डबा म्हणजे जाधवांची धाकटी, निळ्या झाकणाचा म्हणजे मास्तरीणबाई. तीच माणसं डब्याशिवाय बाजारात भेटली की ही नुसती हसायची आणि पुढं जायची. अशा बाईनं अठ्ठेचाळीस चेहरे कसे ध्यानात ठेवायचे, तेही सगळे पांढऱ्या कपड्यातले? तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, की मी काही यातून सुटत नाही. मला घराबाहेर काढाल तेव्हा निदान गिरणीत पडू द्या.

रंगनाथराव म्हणाले, वेडी आहेस. ते तालुक्याच्या कोर्टातून पट्टेवाले म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं पुकारा करायचं काम केलं. कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि नाव घ्यायचं, तीनदा, माणूस आलेला असो नसो. नसला तर जास्तच मोठ्यानं. हजारो माणसांची नावं त्यांच्या तोंडून गेली, बायकोचं तेवढं कधी गेलं नाही. घरात 'अगं' म्हटलं की भागायचं. ती 'अहो' म्हणायची. एवढ्यावर दोघांचं छान चाललं होतं.

शिकवणी त्यांनीच घेतली. सरकारी तक्ता कापून त्यांनी एकेक खासदार एकेका डब्यावर चिकटवला आणि डबे ओळीनं मांडले. आमच्या डब्यावर त्या पक्षाचा माणूस नको, अशी दोन-चार गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, तेवढी अदलाबदल करावी लागली. मग रंगनाथराव स्टुलावर बसून पुकारा करायचे आणि ती डब्यावर हात ठेवायची. केशरबाई उंबरे बाजरीवर. बळवंतराव खरमाटे बेसनाच्या डब्यावर, एकतीस नंबरला. दोन महिन्यांत तिची चांगली ओळख झाली. कुणाच्या डोळ्याखाली सूज आहे, कुणी दात दाखवायचं टाळतो, हे तिला दिसायला लागलं, आणि कुणाकुणाची तर काळजीही वाटायला लागली. शेवटच्या आठवड्यात बेसनाचा डबा त्याच्या मालकिणीनं लग्नघरी नेला. कौसल्याबाईनं ओळीत तेवढी जागा मोकळी ठेवली आणि खरमाटे तोंडपाठ करून टाकले.

तपासणी शाळेच्या हॉलमध्ये होती. सकाळी बायका, दुपारी पुरुष. अठ्ठेचाळीस खुर्च्या मांडून खासदार जातीनं बसवले होते. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून त्यांना बोलायची बंदी होती, चहा प्यायची मुभा होती. घरी परत येऊन आपण कडी वाजवतोय आणि हे दार उघडून 'कोण पाहिजे' विचारतायत, एवढंच कौसल्याबाईला पुन्हा पुन्हा दिसत होतं. एकेका खुर्चीपुढं उभं राहून ती मनात डबा आठवायची आणि नाव सांगायची. तपासनीस वहीत खूण करायचे. दहा झाले, वीस झाले. केशरबाई उंबरे तिच्याकडं बघून किंचित हसल्यासारख्या वाटल्या.

एकतिसावी खुर्ची रिकामी होती. तिला काही अडचण वाटली नाही. तिच्या ओळीत एकतिसावा डबा नव्हताच. ती म्हणाली, "इथली जागा मोकळी आहे." तपासनिसांनी मान हलवली, खूण केली आणि पुढची खुर्ची दाखवली.

दुपारी एकला ती दाखला घेऊन गिरणीवर आली. वाटेत मास्तरीणबाईंनी तिला ओळखलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला तिनं धडा पाठ असलेल्या पोरासारखं खुशाल हॉलवर पाठवलं. निघताना त्यांच्या तपकिरी स्वेटरचं कोपर तिनं एकदा ओढून पाहिलं. तिथं तिनं हिरव्या लोकरीनं रफू केलं होतं, तपकिरी संपली होती म्हणून.

चारला दहा कमी असताना ते परत आले आणि पायरीवरच बसले.

"एकतिसाव्या खुर्चीला चुकलो," ते म्हणाले.

"ती तर रिकामी होती."

"तेच ना. जागेवर माणूस दिसला नाही आणि तोंडातून पुकारा गेला. बळवंतराव खरमाटे, हाजिर हो. तीनदा गेला. तपासनीस म्हणाले, खरमाटे मार्चमध्ये वारले, जागा रिक्त आहे. मग आपण ओळखलंत कुणाला?"

कौसल्याबाईनं गिरणी बंद केली, पिठानं भरल्या हातानंच त्यांचा दंड धरला आणि दोघं कार्यालयात गेले. कारकून माणूस सभ्य होता. त्यानं बसायला खुर्ची दिली. अपील करता येतं, तो म्हणाला. उद्या अकराला, अर्जदाराला ओळखणारी दोन माणसं बरोबर आणून.

"मी ओळखते की," ती म्हणाली.

"आज ओळखता, बाई. अपील उद्या आहे."

तिनं आजच अर्ज घ्या म्हणून हात जोडले. आजचा निकाल पाचला लागू होतो, त्याआधी अपील कशाविरुद्ध करणार, असं त्यानं समजावून सांगितलं. त्याचंही खरं होतं. ती दोघं परत आली तेव्हा साडेचार झाले होते.

तिनं वहीचा कागद फाडला. लिहून ठेवते म्हणाली, हे माझे मालक आहेत, यांना घरात घ्यायचं. रंगनाथरावांनी पेन काढून घेतलं. पिसाळांच्या बायकोनंही लिहून ठेवलं होतं. अजून तिनं तो कागद जपून ठेवलाय. पिसाळ दारात गेले की त्यांनाच दाखवते आणि विचारते, या वर्णनाचे कुणी गृहस्थ तुमच्या पाहण्यात आहेत का.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मलाही वाटते. माझी माझ्याजवळ राहील तरी. तुझी पाचला निघून जाईल, आणि कशाची होती ते तुला कळायचंही नाही."

ती बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. सव्वीस वर्षांत तिनं कुणाचा चेहरा असा पाहिला नव्हता. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. डबा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"तुम्ही हाक मारा," ती म्हणाली. "मी ओ देईन."

"काय म्हणून मारू? परक्या माणसानं परक्या बाईला 'अगं' म्हणणं बरं दिसत नाही."

"मग नावानं मारा."

रंगनाथरावांनी खाली बघितलं. जमेल का, म्हणाले. त्यांना लाजल्यासारखं झालं होतं.

पाच वाजता कार्यालयाचा भोंगा झाला.

गिरणीच्या पायरीशी एक गृहस्थ उभे होते. कौसल्याबाईनं मोटारीचा खटका दाबायला हात वर नेला होता. गृहस्थ बुजुर्ग होते. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर हिरवं रफू. रफू कुणीतरी मन लावून केलं होतं. यांच्या घरात तपकिरी लोकर संपली असणार, असं तिच्या मनात आलं.

गृहस्थ ताठ उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी मोठ्यानं पुकारा केला.

"कौसल्या रंगनाथ डुबल, हाजिर हो."

समोरच्या पानवाल्यानं मान वर केली. गृहस्थांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्या वेळी आवाज फुटला. इतक्या सुरेख आवाजात तिचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. तिनं घाईनं पदर सारखा केला आणि पुढं आली.

"ओ. मीच ती. काय काम होतं?"

गृहस्थ वळले आणि मोकळ्या रस्त्याकडं तोंड करून, आत कुणी साहेब बसलेले असावेत तसे अदबीनं म्हणाले, "हजर आहेत."

तिनं त्यांच्या हातांकडं बघितलं. हातात डबा नव्हता. ती नुसती हसली आणि तिनं गिरणी सुरू केली.