तिसऱ्या हाकेच्या आत

कशेळ्याहून जीप सुटली तेव्हाच सोनूबाईनं सगळ्यांना नियम सांगून टाकला.

"वर गडावर कुनी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाय. तीन हाका होऊ द्यायच्या. मानूस तीनदा हाक मारतं. ते दोनदाच मारतं."

"ते म्हणजे कोण, आई?" सून विनिता म्हणाली.

"ते म्हंजे ते," असं म्हणून सोनूबाईनं पदर कानावर ओढून घेतला.

जीपवाला सिराज आरशात बघून हसला. "मावशी, मी वीस वर्सं हितं गाडी मारतो. एकदा बी हाक आली नाय."

"आली असंल. ओ नाय दिलीस म्हनून तर अजून गाडी मारतोस."

सिराजनं आरसा दुसरीकडं वळवला आणि रस्ता संपेपर्यंत समोरच बघत गाडी हाकली.

सहल विनिताच्या डोक्यातून निघाली होती. सासूसासऱ्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तर पेठच्या किल्ल्यावरच्या जुन्या लेण्यात, कोरलेल्या खांबांपुढं दोघांचा हसरा फोटो काढायचा. हसायला दात लागतात आणि सासऱ्यांना एकही नव्हता; जुनी कवळी बोलण्यापुरती बसायची, हसलं की पडायची. म्हणून तिनं त्यांना कर्जतला नेऊन, जुनी टाकून नवी कवळी करून आणली होती. सासऱ्यांचं नाव नामदेव, पण त्यांच्या गावी, लोधिवलीत, सगळे नामाच म्हणत. आठवडाभर नामा नवी चप्पल चावत असल्यासारखं तोंड करून फिरत होता.

जीप खालीच सोडून ते पेठच्या वाडीत चढले आणि भागीच्या ओसरीवर जेवले. भागी आल्यागेल्याला झुणकाभाकर करून घालायची. लग्नाचा वाढदिवस म्हटल्यावर ती सोनूबाईच्या मागंच लागली.

"मंग घ्या की नाव मालकांचं! झोकात!"

"मी नाय घेत," सोनूबाई म्हणाली. "कदीच घेतलं नाय."

खरंच घेतलं नव्हतं. लग्नातसुद्धा उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती न्हाणीत जाऊन बसली होती. तिच्या चिमामावशीनं एका हळदीकुंकवाला झोकात नवऱ्याचं नाव घेतलं आणि आठव्या दिवशी त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं. पंचेचाळीस वर्षं तिनं 'अवो' वर संसार केला होता आणि नवरा जिवंत होता. आणखी काय पुरावा पाहिजे?

जेवण झालं, नामानं चूळ भरली आणि तिथून पुढं तो एक शब्द बोलला नाही. चढण अवघड आहे म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं.

भाद्रपद सरत आला होता. ते लेण्याशी पोचले तसं खालून धुकं चढून आलं आणि आधी वाडी, मग झाडं, मग पुढची पायवाट पुसून गेली. आत खांबांवरच्या कोरलेल्या बायका अर्ध्या दिसत होत्या. कुठंतरी खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात थेंब पडत होता. तो पडला की लेणं जरा वेळ ऐकत बसल्यासारखं वाटायचं.

"आई, तुम्ही इथं उभ्या राहा. बाबा, तुम्ही... बाबा कुठंयत?"

नामा नव्हता.

मुलगा कमलेश बाहेर जाऊन ओरडला, "बाबाऽऽ!"

धुक्यात हाक शिरली आणि कुठंतरी आपटून परत आली. तिच्यामागोमाग वरून, कड्याच्या पोटातून ओ आली. पोकळ आणि ओली. आणि मग कोणीतरी लांबवर म्हणालं,

"होऽऽनूऽऽ..."

विनिता खांबाला चिकटली. कमलेश म्हणाला, "बाबाच हायत. वरच्या जिन्यात गेले असतील." त्या किल्ल्याचा जिना सुळक्याच्या आतून, खडक पोखरून वर गेला आहे. तो निघाला तसा सोनूबाईनं मागून त्याचा शर्ट धरला.

"थांब रं. ते तुजे बाबा नाय. पंचेचाळीस वर्सं मला सोनू म्हनतायत ते. हे होनू म्हनतंय. माजं नाव त्याला घेता येत नाय. ते मानूस नाय!"

"आई, खुळ्यासारखं नको करूस."

"होनूऽऽ," पुन्हा आवाज आला. या वेळी डावीकडून आल्यासारखा.

"दोन झाल्या," सोनूबाई पुटपुटली.

तिघं वाट बघत उभी राहिली. तिसरी आली नाही. कमलेशही मग लेण्यात मागं सरकला.

"नावानं हाक मारायची, तीनदा," सोनूबाई म्हणाली. "ते असलं तर तीन नावांपुढं टिकत नाय. ह्ये असले तर येतील. मार तू."

"मी? बापाला नावानं? एऽ नामा म्हनू?"

"विनिता, तू मार."

"आई! सासऱ्यांना?"

मग दोघंही तिच्याकडं बघत राहिली. सोनूबाई खांबाला टेकली. नाव घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य जाणार आणि न घ्यावं तर त्या खडकात नवराच जाणार. टाक्यात चार थेंब पडेपर्यंत तिनं विचार केला. नुसतं नाव घेण्यापेक्षा उखाण्यातून घेतलं तर दोष जरा पातळ होईल, असं तिला वाटलं. ती लेण्याच्या तोंडाशी आली आणि धुक्याकडं बघून हात जोडून ओरडली,

"कढईत तापलं तेल, त्यात सोडली पुरी, नामदेवरावांचं नाव घेते, या आता घरी!"

डोंगर चूप. थेंबसुद्धा पडला नाही.

"दुसरा घे," कमलेश कुजबुजला.

"डोंगरावर आलं धुकं, धुक्यात बुडली वाट, नामदेवराव, तुमीच असाल तर हुबे ऱ्हावा ताठ!"

काही नाही. सोनूबाईला रडू फुटलं आणि तिसरा उखाणा काही सुचेना. तिनं गळ्याच्या शिरा ताणून नुसती हाक मारली.

"नामाऽऽऽ!"

डोंगरानं ते नाव घेतलं, पलीकडच्या डोंगराला दिलं, त्यानं खाली दरीत दिलं. नाव बराच वेळ फिरत होतं.

मग धुक्यातून एक चेहरा पुढं आला. गालांचे खड्डे, तोंडाच्या जागी नुसतं काळं भोक. विनिता किंचाळली.

"काय गं हूनबाई, मीच हाय," नामा म्हणाला. त्याला सूनबाई म्हणायचं होतं.

कवळी चावत होती म्हणून जेवताना त्यानं ती काढून भागीच्या फडताळावर वाटीत ठेवली होती आणि तिथंच विसरला होता. सून रागावेल आणि फोटोत बोळकं दिसेल म्हणून तो हळूच जिन्यात जाऊन लपला होता आणि सोनूबाईनं एकटीनं यावं म्हणून तिला तिथून दोन हाका मारल्या होत्या.

"मंग नाव घेतल्यावर बी यायला काय झालं होतं?" सोनूबाई डोळे पुसत कडाडली. "पयल्या नावाला का नाय आलात?"

नामा लाजला. "पयलं आईकलं. मंग म्हनलं, दुहरं बी आईकावं. पंचेचाळीह वरहं वाट बगितली."

फोटो तोंड मिटूनच काढला. उतरताना कमलेशला आपल्या भ्यालेपणाचं हसू यायला लागलं होतं. भागीच्या ओसरीवर येऊन तो म्हणाला, "वैनी, बाबांचे दात ऱ्हायले तुमच्या फडताळात."

भागीनं नामाकडं बघितलं. "दात? ते तर मघाशीच घेऊन गेलात की तुमी."

"कोन?"

"तुमीच. डोक्यावरनं टावेल घेऊन आलात. बोललात कायच नाय, नुसता हात फुडं केलात. मी वाटी दिली. दात घातलेत न् मंग म्हनलात, मी नामा. खनखनीत."

"हे कवा झालं?" सोनूबाईनं विचारलं.

"वर तुमी ती मोठ्ठी हाक मारलीत ना, नुसती नावाची? त्याच्याच मागनं."

वाटी ओट्यावर पालथी होती. चहा न घेता सगळे उतरले. खाली सिराज जीपला टेकून उभा होता. त्यांचे चेहरे बघून त्यानं काही न विचारता दारं उघडली. ते बसले आणि मागच्या धुक्यातून हाक आली.

"सोनूऽऽऽ!"

आवाज नामाचा होता. अगदी नामाचा. आणि त्यातला 'स' स्वच्छ, कवळी नीट बसलेल्या माणसाचा.

सोनूबाईनं सवयीनं तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या नामानं त्यावर हात ठेवला.

"सोनूऽऽ!" दुसरी हाक टपाजवळून आली.

"मी काय आईकलं नाय," सिराज म्हणाला आणि जीप दगडांवरून उडाली.

कशेळ्याचे दिवे दिसायला लागले. मग सोनूबाईनं नवऱ्याकडं न बघता हळूच विचारलं,

"अवो, तुमीच ना?"

"मीच, होनू."

"पुना म्हना."

"होनू."

तिनं विनिताकडं वळून सांगितलं, "नवे दात करायचे नायत. मरंपरेंत असंच म्हनू दे."