खवलेअण्णांचा लेथ आणि हापशाची पिन

एका जंगलात, बाळांनो, एक हापसा होता. जंगलात हापसा कसा, असं विचारणाऱ्यानं उठून बाहेर जावं. माझ्या गोष्टीत आहे, म्हणजे आहे. आणि टक्कल पडलेल्या बाळांनी जरा पुढे सरका, तुम्हाला मागून ऐकू येत नाही.

तर हापसा. दांडा दाबला की पाणी. ससे पीत, हरणं पीत. रानडुकरं तर त्याच्याखाली अंघोळीला बसत आणि रांग अडवत. शिकलेल्या घरातली होती ती.

हापसा येण्याआधी सगळे नदीवर जात. नदीत मगरसाहेब राहत. पाणी प्यायला जितके जात, त्याहून थोडे कमी परत येत. हापसा आला तसं मगरसाहेबांना माशांवर भागवावं लागलं. डॉक्टरनं पथ्य सांगितल्यासारखं तोंड करून ते मासे खात.

एक दिवस हापशाची पिन तुटली.

पिन केवढी? तुझ्या करंगळीएवढी. दांडा जिच्यावर खालीवर होतो, ती. पण तिच्यावाचून दांडा लुळा, आणि हापसा म्हणजे नुसता उभा लोखंडी पाहुणा.

सगळ्यात जास्त धास्ती घेतली भेकरवहिनींनी. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. घाबरलं की भुंकतं, चिडलं की जास्त भुंकतं. वहिनींना दोन पाडसं होती आणि नवरा नव्हता. नवरा हापशाच्या आधीच्या काळात नदीवर गेला होता.

"बाजारात मिळते पिन," वहिनी म्हणाल्या. "मी जाऊन आणते."

"विकतची?" मागून आवाज आला. "जंगलात मी असताना?"

हे खवलेअण्णा. जातीनं खवले मांजर. अंगभर पत्र्यासारखे खवले, लांब जीभ, आणि घरात लेथ. हा लेथ त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून ओढत आणला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि त्याला धारदार हत्यार टेकवून सोलायचा, त्या यंत्राला लेथ म्हणतात. बटाटा सोलतो तसंच. फक्त बटाट्याची भाजी होते.

"एका सकाळचं काम आहे, वहिनी," अण्णा म्हणाले. "निश्चिंत राहा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या जंगलात बनलेली पिन! हुप्पे सर नावाचं एक वानर होतं, त्याचे तर डोळे भरून आले. हुप्पे सरांना काहीच करता येत नसे, म्हणून ते सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत.

सकाळ गेली. वहिनी घागर घेऊन आल्या.

"झाली का पिन, अण्णा?"

"पिन?" अण्णा हसले. "आधी पिन सोलायचं हत्यार नको का? जुनी कानस घासून घडवतोय."

"हत्यार बाजारात मिळत नाही?"

"मिळतं की. विकतच्या हत्याराला धार असते, वहिनी. जीव नसतो."

"वा!" हुप्पे सर झाडावरून म्हणाले.

हत्यार झालं. सुरेख झालं. त्यानं दाढी करता आली असती. मग अण्णांच्या लक्षात आलं, की इतकं सुरेख हत्यार विकतच्या पकडीत धरणं म्हणजे त्याचा अपमान. पकडही घरचीच पाहिजे. पकडीला आतून भोक पाडायचं, तर भोक मोठं करायचा बार पाहिजे. बार करायला चांगलं जाड पोलाद पाहिजे.

वहिनी पुन्हा आल्या तेव्हा लेथवर काहीतरी ओळखीचं फिरत होतं.

"अण्णा, हा हापशाचा दांडा आहे!"

"होता," अण्णा म्हणाले. "आता बोअरिंग बार आहे."

"अहो, पण दांड्याशिवाय हापसा..."

"हापसा तसाही बंद आहे ना? मग दांडा रिकामा उभा राहून काय करणार होता? सामान वाया जाऊ देऊ नये."

बाळांनो, हसू नका. तुमच्या घरात मिक्सर दुरुस्त करायला उघडलाय आणि त्याचा स्क्रू चष्म्याला लावलाय, मला ठाऊक आहे.

वहिनी नदीवर गेल्या. दुसरीकडे पाणीच नव्हतं. एका पाडसाला या बाजूला धरलं, दुसऱ्याला त्या बाजूला, आणि तिघांनी घाईघाईनं घोट घेतले. पाण्यात एक ओंडका होता. ओंडक्यानं तोंड उघडलं. तिघं उड्या मारून पळाले, पण धाकट्याची शेपटी नदीतच राहिली. भेकराची शेपटी ती केवढी, नखाएवढी. पण मगरसाहेबांना चव आठवली.

वहिनी तशाच भुंकत लेथपाशी आल्या.

"शेपटी गेली माझ्या लेकराची! उद्या लेकरू जाईल! मला पिन पाहिजे, अण्णा, आत्ता!"

खवले मांजराला कोणी ओरडलं की ते काय करतं, माहीत आहे? अंगाचा चेंडू करून घेतं. अण्णांचा चेंडू झाला. चेंडूतून आवाज आला, "घाईत माप चुकतं, वहिनी."

पुढचं काय सांगू? हत्याराची उंची नीट लागेना, म्हणून उंची बघायचं माप बनलं. माप धरताना हात निसटे, म्हणून मापाच्या मुठीवर खरखरीत जाळी उठवायचं हत्यार बनलं. हापशाच्या साखळीच्या कड्यांचे हत्यारं टांगायला आकडे झाले. पाइपाचा लेथला पाय झाला. झाकणाची तबकडी झाली. एक दिवस हुप्पे सर हापशाला टेकायला गेले आणि आडवे झाले, कारण टेकायला काही उरलं नव्हतं.

ही बातमी नदीत पोचली. मगरसाहेब गहिवरले. त्यांनी बुडालेल्या होडीचे खिळे आणि पट्ट्या पाठवल्या, वर निरोप पाठवला, "असे कारागीर जंगलात पाहिजेत. घाई करू नये. हत्यारं करत राहावीत. आमचा आशीर्वाद."

अण्णांनी तो निरोप सगळ्यांना ऐकवला. "बघा. कदर करणारे असतात."

"तो कदर करत नाहीये, अण्णा, जेवतोय!" वहिनी म्हणाल्या.

पण अण्णा तोवर चेंडू झाले होते.

शेवटी होडीचंही लोखंड संपलं. जंगलात सोलण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा नाइलाजानं अण्णांनी पिन केली. अशी झाली, अशी झाली, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा! फक्त ती लावायला हापसा नव्हता. जमिनीत एक भोक होतं. पिन त्यात टाकता आली असती, पण मग दिसली नसती.

"पिनेचं उद्घाटन करू!" हुप्पे सर म्हणाले. "हत्यारांचं प्रदर्शनही ठेवू. प्रमुख पाहुणे म्हणून आश्रयदाते मगरसाहेब!"

वहिनींनी कपाळाला खूर लावला.

मगरसाहेब आले. नदीतून टेकडीवर चढून यायला त्यांना फार श्रम पडले. पण शाल मिळणार म्हटल्यावर कोण येत नाही? त्यांना शाल घातली, नारळ दिला, पिन दाखवली. आता तुम्ही विचाराल, समोर एवढे प्राणी बसलेले, त्यांनी एखादा उचलला का नाही? बाळांनो, सत्कार करणाऱ्याला लगेच खात नाहीत. जरा मध्ये वेळ जाऊ देतात.

मगरसाहेब बोलायला उभे राहिले. "पिन म्हणजे काय?" असं त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच्या लहानपणापासून सांगायला सुरुवात केली.

धाकटं पाडस रडायला लागलं. "आई, तहान."

वहिनींना संताप आला. या ढोंग्याचं भाषण ऐकण्यापेक्षा नदीवर गेलेलं काय वाईट? त्या पाडसांना घेऊन तरातरा निघाल्या. काठावर आल्या. पाण्यात ओंडका शोधला. ओंडका नव्हता.

कसा असेल? ओंडका टेकडीवर शाल पांघरून बोलत होता.

पाडसं गुडघाभर पाण्यात शिरली. पोट फुटेस्तोवर प्यायली. धाकट्यानं तर आपली शेपटी कुठे सापडते का तेही पाहिलं.

वहिनी परत येऊन सशाच्या कानात काहीतरी बोलल्या. ससा उठला. मग हरणं उठली. रानडुकरं अंघोळच करून आली. एक जात होता, एक येत होता, आणि परत आलेला जोरजोरात टाळ्या वाजवत होता. मगरसाहेबांनी पाहिलं, श्रोत्यांची तोंडं ओली होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांना वाटलं, सगळे रडताहेत. त्यांनी भाषण आणखी वाढवलं.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा वहिनींजवळ आले. जरा ओशाळले होते.

"वहिनी, चुकलंच माझं. हापसा खाल्ला मी. पण आता सगळी हत्यारं तयार आहेत. बाजारातून लोखंड आणतो आणि नवा हापसाच करतो."

वहिनी दचकल्या. "छे! हापसा? तुमच्यासारख्या कलावंतानं हापसा करायचा?"

"मग?"

"लोखंड मी आणून देते. आधी हापसा करायच्या हत्यारांची हत्यारं करा. आणि प्रत्येकाचं उद्घाटन झालंच पाहिजे. दुपारी. सगळ्यांना तहान... सगळ्यांना वेळ असतो तेव्हा."

"तुम्हाला खरंच आवडलं, वहिनी?"

"अहो, बोअरिंग बार बघून माझा ऊर भरून आला."

अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी लेथ सुरू केला. आता तिथे दर दुपारी काही ना काही उद्घाटन असतं. हुप्पे सरांना उसंत नाही. पाडसं वाढताहेत. मगरसाहेब रोज टेकडी चढतात, बोलतात, नारळ घेऊन उतरतात, तोवर काठ रिकामा झालेला असतो. ते फार वाळले म्हणतात. पण शालीत ते दिसत नाही.

तात्पर्य: मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. जो आपल्याला खातो त्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं, आणि त्याचं भाषण चालू आहे तोवर पाणी पिऊन घ्यावं.