मास्ट्रिख्टची वाचक भगिनी

त्या दिवशी सकाळी गद्रे सर आमच्या दारात उभे राहिले तेच चेहरा पाडून.

"सर, घरी सगळं ठीक ना?"

"घरी ठीक आहे हो. पण त्या लंडनच्या मुलीचं काही खरं दिसत नाही. दोन स्थळं आलीत. एकाकडे जमीन आहे, दुसऱ्याकडे नुसता गोड आवाज. बिचारी संपादकाला विचारतेय, कुणाला होकार देऊ. आणि तो मेला चेष्टा करतोय तिची!"

मुलगी वारल्याला अडीचशेच्या वर वर्षं झाली होती. संपादकही काही मागे राहिला नव्हता. पण सरांच्या कपाळावरची आठी अगदी ताजी होती. चहा झाल्यावरही ती गेली नाही.

गद्रे सर म्हणजे नाशिकच्या कॉलेजात हयात घालवलेले इंग्रजीचे प्राध्यापक. अभ्यासाचा विषय, इंग्रजीतल्या सुरुवातीच्या नियतकालिकांना वाचकांनी धाडलेली पत्रं आणि कविता. त्या नियतकालिकांत लिहिणारे थोर लेखक सरांना माहीत होते, पण त्यांच्याबद्दल सर जेमतेम दोन वाक्यं बोलत. जीव अडकलेला वाचकांत. नवरा घोरतो म्हणून गाऱ्हाणं घालणारी बाई, लोक माल हाताळतात आणि घेत नाहीत म्हणून चिडलेला दुकानदार, उगवताना चंद्र मोठा का दिसतो असं विचारणारा कोणी एक जण. ही सगळी मंडळी सरांना शेजारपाजारची वाटत. खरे शेजारी असलेले आम्ही मात्र त्यांच्या दृष्टीने जरा अळणी होतो.

काकू गेल्यावर निखिलने, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, त्यांना इथे डचांच्या देशात, फेल्डहोवनला, कायमचं आणलं. निखिल इथल्या, संगणकाच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, सून ऋचा आइंडहोवनला नोकरीला. नातू आजोबांना 'ओपा' म्हणायचा, मराठी सगळं समजायचा आणि उत्तर डचमध्ये देऊन खेळायला पळायचा.

सरांचं बोलणं संपादकाच्या खुर्चीत बसल्यासारखं. ऋचाने पास्ता केला की दोन घास खाऊन, "प्रयत्न चांगला. साभार परत." माझ्याकडच्या साबुदाणा खिचडीला, "स्वीकृत! पुढच्या अंकी अवश्य पाठवावे." एकदा खेमेंटेतून, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेतून, कचऱ्याच्या डब्याबद्दल खरमरीत पत्र आलं. सरांनी ते डिक्शनरी घेऊन पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "विषय सामान्य, पण शैली कशी बांधीव आहे बघा!"

अशा माणसाच्या हातात आमच्या मराठी मंडळाने पत्रिका दिली. पत्रिकेचं नाव 'बांध'. समुद्र अडवणाऱ्या बांधांच्या देशात राहतो म्हणून कोणी तरी सुचवलेलं. सर खूश झाले. "आपल्याकडे भावाभावांत भांडणं होतात ती बांधावरूनच. म्हणजे वाचकांची पत्रं धो धो येणार!" माझ्याकडे प्रिंटर होता, एवढ्या एका पात्रतेवर मी उपसंपादक झाले.

पत्रं काही आली नाहीत. एकही नाही. लोकांना शनिवार-रविवार घर झाडायला आणि मुलांना पोहायला न्यायलाच पुरत नव्हते. कोणाला काही म्हणायचंच असलं, तर ते ईमेल ग्रुपवर दोन ओळी खरडत, त्याही जुना सोफा विकायच्या. सर रोज दुपारी दाराशी जाऊन पोस्टमनला विचारत. शेवटी पोस्टमन लांबूनच मान हलवायला लागला.

आणि मग 'बांध'च्या तिसऱ्या अंकात अचानक पत्रांचा पूर आला. आइंडहोवनच्या 'एका त्रस्त सायकलस्वारा'ने चक्क कविता पाठवली होती:

सायकल गेली, कुलूप उरले,
खांबाला मी मिठी मारली;
पोलीस म्हणतो, नवीच घ्या हो,
जुनी कुणाच्या दारी गेली!

खाली संपादकांची टीप: 'कविता मिळाली. सायकल मिळाल्यास कळवावे.' त्याच्याखाली 'डीमन गावचा स्पष्टवक्ता' सायकलस्वारावर तुटून पडला होता, की स्वस्तातलं कुलूप घेणाऱ्याने काव्य करू नये.

मी अंक हातात घेऊन सरांकडे गेले. "सर, ही मंडळी कोण?"

सरांनी चष्मा पुसला. "मी."

"सगळी?"

"अहो शुभदाबाई, ही तीनशे वर्षांची परंपरा आहे! पत्रं आली नाहीत की ते संपादक स्वतःच वाचक व्हायचे. स्वतःला शिव्या द्यायचे आणि स्वतःच माफी मागायचे. वाचकाला लाज वाटली पाहिजे, की सगळे लिहितात आणि मीच कसा गप्प."

परंपरेला मान देऊन मी प्रिंटरमध्ये कागद भरले.

या मंडळींतली सगळ्यात लोकप्रिय ठरली ती 'एक वाचक भगिनी, मास्ट्रिख्ट'. मास्ट्रिख्ट का, तर देशाच्या पार दक्षिणेच्या टोकाला. तिथे मंडळाचा एकही सभासद नव्हता, त्यामुळे पकडले जाण्याची भीती नाही. ही भगिनी भांडत नसे. ती आपली घरातलं सांगे. दुपारी घरात इतकं सामसूम असतं, की फ्रिज घरघरला तरी सोबत वाटते. शिकलेले डच शब्द म्हणून दाखवायला कोणी नसतं, म्हणून ते शिळे होतात. बाजारात भाव पाटीवर लिहिलेला असतो, तरी मी मुद्दाम विचारते. तेवढीच दोन वाक्यं होतात.

मंडळातल्या बायका ही पत्रं आधी वाचत आणि मग अध्यक्षांचं मनोगत न वाचताच अंक मिटत. नवऱ्याच्या मागून आलेल्या, इथे अजून नोकरी नसलेल्या कितीतरी जणी मला विचारायच्या, कोण गं ही? मीही कौतुकाने सरांना म्हणाले, "बाईचं मन काय हुबेहूब पकडलंत!" सर म्हणाले, "अभ्यास आहे." आणि विषय बदलला.

मग एका दुपारी सर माझ्याकडे जवळजवळ धावत आले. हातात लिफाफा, तिकीट लावलेला, शिक्का मारलेला. 'बांध'ला आलेलं पहिलं खरं पत्र! सरांनी तो मला दोन्ही बाजूंनी दाखवला, उजेडात धरला, सुरीने हळुवार उघडला. वाचायला लागले आणि मध्येच खाली बसले. मग पत्र माझ्याकडे दिलं.

पत्र संपादकांना नव्हतंच. वाचक भगिनींना होतं.

'ताई,' लिहिलं होतं, 'मीही मास्ट्रिख्टमध्येच राहते. नवरा विद्यापीठात संशोधन करतो, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. मला वाटायचं, या गावात मराठी बोलणारी मी एकटीच. आइंडहोवनच्या एका मैत्रिणीने तुमची पत्रं पाठवली. तेव्हापासून मी तुम्हाला बाजारात शोधतेय. भाजीवाल्याला विचारलं, अजून कोणी भारतीय बाई उगाच भाव विचारते का? तो म्हणाला, एक आहे, तुम्ही. ताई, पत्ता कळवा. नाही तर तुम्हीच या. येत्या शनिवारी जेवायलाच या.' खाली नाव रेवती, आणि पत्ता.

मी पत्र सरांना परत दिलं.

"मारून टाकू का तिला?" सर म्हणाले.

"सर!"

"भगिनीला हो. परंपरा आहे. पात्र जड झालं की ते संपादक आजारपण काढून मारून टाकायचे."

"आणि ही मुलगी? तिने सुतक पाळायचं का?"

सरांनी भगिनीला भारतात परत पाठवून पाहिलं, अमेरिकेत नेऊन पाहिलं. प्रत्येक मसुदा स्वतःच वाचला, स्वतःच फाडला. "पोर पुन्हा बाजारात शोधत बसेल हो," म्हणाले. मग उठले. "शनिवारी जायचं. तुम्ही चला सोबत. मला एकट्याला गाडी बदलायला जमणार नाही."

गाडी बदलायची नव्हतीच. आइंडहोवनहून मास्ट्रिख्टची गाडी सरळ जाते. मी दोन तिकिटं काढली.

सर कोट-टाय घालून आले. मला करायला लावलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरून अख्ख्या प्रवासात त्यांनी भाषणाची तालीम केली. सुरुवात इंग्रजीतल्या पहिल्या नियतकालिकांपासून होती आणि रेवतीचं नाव येईपर्यंत अर्धा देश मागे पडला होता. मी म्हटलं, "सर, थोडं कापा." म्हणाले, "संदर्भ नको का?"

रेवतीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली तर दार लगेच उघडलं, आतल्या बाजूला कोणी उभंच असल्यासारखं. पंचविशीतली मुलगी, इस्त्रीची साडी, कानात मोत्याच्या कुड्या. तिने एकदा सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"ताई! आलात तुम्ही!"

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी बाई होते, भगिनीच्या वयाची होते, मराठी होते. मी फक्त गप्प राहायचं होतं. सर सुटत होते, मुलीला ताई मिळत होती, परंपराही राहत होती. तिचे हात गार होते आणि ती सोडत नव्हती. खरं सांगते, मी 'हो' म्हणणारच होते.

"नाही," सर मागून म्हणाले. "या शुभदाबाई. यांचा प्रिंटर आहे. ती बाई... ती मी आहे."

सगळं भाषण एवढंच झालं.

रेवतीने माझे हात सोडले. सरांच्या टायकडे, वड्यांच्या डब्याकडे ती बघत राहिली. आत टेबलावर पानं मांडलेली दिसत होती, वाट्यांत श्रीखंड वाढलेलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही दार लावते.

"म्हणजे ते सगळं खोटं?" तिने विचारलं. "ते बाजारात भाव विचारणं?"

"ते खोटं नाही," सर म्हणाले. "ते मी विचारतो. आमच्याकडच्या बाजारात. घेत मात्र काही नाही, ऋचा सगळं आणून ठेवते."

मी सरांकडे बघतच राहिले. अभ्यास म्हणे!

"मग तुमच्या नावाने का नाही लिहिलंत?"

सर डब्याच्या झाकणाशी खेळत राहिले. वर्गावर वर्षानुवर्षं खणखणीत चाललेला त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"निखिल वाचतो ना," ते म्हणाले. "माझा मुलगा. दमून येतो, तरी 'बांध' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. खूश होतो, बाबांचं इथे छान चाललंय म्हणून. मी माझं नाव घातलं असतं तर त्याला वाटलं असतं, आपण बाबांना आणून चूक केली. त्याची काही चूक नाही हो. तो तरी काय करील?"

रेवती बाजूला झाली आणि तिने दार पूर्ण उघडलं.

"काका, आत या," ती म्हणाली. "पुऱ्या तळायच्या राहिल्यात. मी तळते, तुम्ही तिथे स्टुलावर बसून बोला. कुठलंही बोला."

सर स्वयंपाकघरात जाऊन बसले. नाशिकपासून सुरू झालं, मग काकूंपर्यंत आलं, मग रेवतीच्या आईपर्यंत गेलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांची त्या दिवशी कोणाला आठवण झाली नाही. आमच्या परतीच्या दोन गाड्या गेल्या, आणि मला मध्ये एक शब्दही टाकायला जागा मिळाली नाही.