मायामुलुखीचा पूल जळाला, त्याची बखर

श्रीफासेश्वर प्रसन्न. ज्याच्या एका कलंडण्याने प्याद्याचा सेनापती होतो आणि सेनापती चिखलात बसतो, त्या सहा तोंडांच्या देवास आधी दंडवत घालोन लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, कोणे एके राज्यी (नाव घेतले तर तेथील लोक रागे भरतील, सबब घेत नाही) राजश्री त्रिंबकपंत म्हणोन सूत्रधार होते. त्यांणी एक मुलूख निर्मिला, तो भूमीवर नव्हे, बोलण्यात. पंतांनी म्हणावे, "पुढे दरी आहे," आणि गड्यांनी म्हणावे, "आम्ही उडी टाकतो," आणि मग फासा टाकावा, आणि फासा सांगेल ते घडले ऐसे सर्वांनी मानावे. ऐसा खेळ चार गडी मिळोन, एकेक सोंग घेऊन, घरोघर खेळतातच. परंतु पंतांची हौस थोर. त्यांणी तीन पथके उभी केली. राणोजी घारगे यांचे पथक शनिवारी पागेत बसे, गुणवंताबाईंचे रविवारी गच्चीवर बसे, आणि तिसरे हलवायांचे, ते बुधवारी भट्टी विझली म्हणजे दुकानामागे बसे. बैठका तीन, मुलूख एकच. शनिवारी राणोजीने विहिरीत मीठ टाकिले की रविवारी गुणवंताबाई खारट पाणी पिऊन त्यांचे कूळ उद्धरीत. आणि पंतांनी बेलभंडार उचलोन शब्द दिल्हा होता की, "झाले ते झाले. कोणाचे केलेले पुसोन टाकणार नाही. ज्या दिवशी पुसेन, त्या दिवशी खेळ मोडला ऐसे समजावे."

मग ऐसे जाहले की, शनिवारी राणोजीच्या पथकाने मायामुलुखीच्या महानदीवरील लाकडी पूल, राक्षसांची फौज उतरो नये म्हणोन, पहाटे तेल ओतोन पेटविला. पंतांनी त्या आगीचे वर्णन ऐसे केले की पागेतील घोडी दावी तोडोन पळाली आणि दोन कोस जाऊन मगच थांबली. दुसरे दिवशी गुणवंताबाईंचे पथक त्याच मुलुखी, मुलुखातल्या त्याच दिवशी, दोन प्रहरी त्याच पुलाच्या मध्यावर पोहोचले आणि तेथे खिचडी शिजवोन जेवले. पंत नदीच्या वर्णनात ऐसे रंगले की पूल काल जाळला याचे भानच राहिले नाही. बैठक मोडली, पंत गच्चीचा जिना उतरो लागले, आणि चौथ्या पायरीवर आठवण जाहली. मटकन खाली बसले ते बाईंच्या मांजरावर; मांजराने वर काय केले ते लिहिणे उचित नव्हे.

आता पंतांनी करावे काय? आग खरी म्हणावी तर गुणवंताबाईंची रविवारची सारी मजल पुसली. जेवण खरे म्हणावे तर राणोजीचा पराक्रम पुसला. काहीही पुसावे तर शब्द गेला, आणि शब्द गेला म्हणजे मुलूख गेला. वार्ता शहरभर जाहली. मग पंतांनी तिन्ही पथके भर दुपारी हलवायांच्या अंगणी बोलाविली.

राणोजी मिशीस पीळ देत बोलिले, "पंत, आमचा पूल जळाला. राख जाहली."

बाई बोलिल्या, "राणोजी, आम्ही त्यावर पंगत मांडिली. निखाऱ्यावर बसोन जेवलो काय?"

"बसलाच असाल. म्हणोन तर इतक्या तडतडता आहां!"

हलवाई हात पुसत म्हणाले, "हसा, बाबांनो. आज यांचे पुसले, उद्या आमचे पुसाल. आम्ही आताच उठतो कसे."

गडी खरोखर उठो लागले. तेव्हां पंत घाईघाईने बोलिले, "राणोजीबावा, आग कोणत्या तीरी लाविली?"

"उत्तर तीरी."

"बाईसाहेब, आपण कोणत्या तीराहून चढलां?"

"दक्षिण तीराहून. का?"

"आणि पुलाची लांबी मजला कोणी विचारिली होती काय?"

कोणी विचारिली नव्हती. पंतांच्या मुखावर तेज चढले. "तर ऐकावे. तो पूल इतका लांब, की वरात एका टोकाहून निघाली तर दुसऱ्या टोकास नातवाच्या बारशास पोहोचते. पहाटेची आग मध्यावर येण्यास दोन प्रहर लागतात. ते आता जाहले. बाईसाहेब, धुराचा वास येतो आहे."

अंगणात एकच हाहाकार आणि आनंद जाहला. आग खरी, पंगतही खरी! परंतु बाईंचा रंग उतरला. तीन वर्षे पोसलेली त्यांची सोंगे पुलावर उभी होती. "पळतो आम्ही!" म्हणोन फासा टाकिला. पडला एक. परत पळता पळता फळी मोडली, ज्वाळा मागे आणि पाणी खाली. बाईंनी पंतांकडे पाहिले, आणि पंतांनी मान खाली घातली, कारण फाशाचे पडलेलेही पुसता येत नाही.

तों राणोजी उठोन गर्जले, "आमच्या होड्या सोडा! वल्ही मारा!"

बाई म्हणाल्या, "राणोजी, तुमचे आमचे तर भांडण आहे."

"ते आहेच, बाईसाहेब. ते मागाहून भांडो. आग आमची आहे, तीत आमच्या आज्ञेवाचोन कोणी जळावे हे आम्हांस खपत नाही."

राणोजीने फासा टाकिला, चार पडले. होड्या पुलाखाली आल्या. हलवाई बोलिले, "आमचा तंबू आहे, तो तुमच्या होडीत येऊन ताणोन धरितो. फासा इकडे आणा." तो फासा हलवायांच्या तुपकट हातून निसटला, पाटावरोन उडाला, गल्लीभर फिरला, दोन वेळ देवळास प्रदक्षिणा घालोन परत अंगणी आला, आणि सहा पडला. हे पाहिलेले लोक अद्याप हयात आहेत, त्यांस विचारावे. मग बाईंनी "हरहर!" म्हटले, आणि अवघे पथक तंबूत पडले, आणि मागे पूल कडकडोन नदीत गेला.

सारांश, पूल जळाला, माणसे वाचली, पंतांचा शब्द राहिला. तीन पथके एका होडीत बसली, सबब आता तिघांची बैठकही एकच भरते. सुकाणू कोणी धरावे यावर राणोजी आणि बाई यांचे भांडण सुरू असोन, होडी मध्यधारेत गोल फिरते आहे. पंत बहुत सुखी आहेत.