नाचणगावचे बेपत्ता ओटीपी

मी बबनराव, पुलगाव-नाचणगाव पट्ट्यातला एकमेव खासगी गुप्तहेर. माझी बुद्धी सुरीसारखी आहे. पोलिसांनी आजवर माझी मदत मागितली नाही, यावरून त्यांचा स्वाभिमान किती कडक असेल ते बघा.

शेजारच्या मेघानं गावातल्या भाजीवाल्या बायांसाठी मोबाइल ॲप बनवलं होतं. सिंदी मेघे गावातल्या एका वसतिगृहाची मेस त्यावरून वांगी-मेथी घेणार होती. पण ॲप उघडायला फोनवर आलेला ओटीपी टाकावा लागे, आणि एकाही बाईला तो मिळेना. संध्याकाळपर्यंत माल नोंदवला नाही, तर मेस दुसरा भाजीवाला बघणार होती. मेघा रडकुंडीला आली.

मी तपास हाती घेतला. पहिला संशय टॉवरवर. त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, पण तो काही कबूल होईना. दुसरा संशय परदेशी टोळीवर. आपल्या वांग्यांवर त्यांचा डोळा असणार. मग मी ओटीपी रद्द करून चेहऱ्यानं ॲप उघडायचा हुकूम सोडला. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधलेल्या बाया फोनला सगळ्या सारख्याच दिसल्या. बोटांचे ठसे घेऊन पाहिले, तर वांगी तोडून काळी पडलेली बोटं फोनला पटेनात.

एवढ्यात वावरातून नत्थूभाऊ आले. त्यांना म्हणे दुसरंच प्रकरण माझ्याकडे द्यायचं होतं.

"बबनराव, सकाळपासून मले कोणी तरी आकडे पाठवून राह्यलं. बँकेवाल्यानं सांगतलंय, असे आकडे कोणाले सांगाचे नाई. म्या सारे मिटवून टाकले."

मी हातातलं प्रकरण गंभीर असल्याचं सांगून त्यांना बाहेर थांबायला लावलं. त्यांच्या पत्नी कुसुमबाई तिथंच होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवो, ते आमचेच होते ना."

रेशन असो की गॅस, नंबर विचारला की आळीतल्या सगळ्या बाया नत्थूभाऊंचाच देतात, कारण तोच एक सगळ्यांना पाठ आहे. ॲपवरही बायांनी तोच नंबर दिला होता. मी हे ओळखणारच होतो.

मेघानं ओटीपीची अटच काढून टाकली आणि प्रत्येकीला स्वतःचा चार आकडी पिन ठरवायला लावला. नत्थूभाऊंकडे पाठ करून कुसुमबाईंनी आपला पिन टाकला. दिवस मावळायच्या आत सगळा माल नोंदला गेला. मलाही फार बरं वाटलं.

तरी एवढा छोटा पिन पुरेल का, अशी मेघाला धाकधूक होती. म्हणून मी निव्वळ तर्काच्या जोरावर कुसुमबाईंचा पिन ओळखायला बसलो. तीनदा चुकलो आणि ॲपला कुलूप लागलं.

"झालं काकाजी," मेघा खुशीत म्हणाली, "आता हा पिनच पक्का."

म्हणजे अखेर पिनची निवड झाली ती माझ्यामुळेच.