बसमधलं हेल्मेट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मेश्रामकाका रोज सकाळी सिटी बसमध्ये हेल्मेट घालून बसतात. हातात धरत नाहीत, मांडीवर ठेवत नाहीत. डोक्यावर घालतात आणि हनुवटीखालचा पट्टाही लावतात. एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले नसते. पण ते शेजारच्या, खिडकीकडच्या जागेवर आपला गमछा पसरतात आणि ती जागा कुणालाही देत नाहीत. मलाही नाही. समता कॉलोनीत अकरा वर्षं मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत झिरपतं तेही मुकाट्यानं सोसते. तरी बसमध्ये मी दांडा धरून उभी, आणि गमछा खिडकीशी हवा खात बसलेला.

"काका, सवारी कुठं आहे तुमची?" मी विचारायची.

"येऊन राहिली."

"कुठून?"

"समोरून."

कंडक्टरचाही रोजचा प्रश्न ठरलेला. "कका, ए सीट म कोन बइठही?"

"सवारी हे," काका त्याच्याच छत्तीसगढी बोलीत सांगायचे. "आवत हे."

ती सवारी, म्हणजे त्या जागेवर बसणारं माणूस, मी दोन वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. दारात उभे राहून ते आधी विचारतात, "लाइन क्लिअर हाये का जी?" आतून कुणी 'क्लिअर' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मेश्रामकाकू चहाचा कप ठेवताना थकलेल्या आवाजात "क्लिअर" म्हणतात, तेव्हा ते पहिला घोट घेतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत काकूंनी किती वेळा 'क्लिअर' म्हटलं असेल या विचारानंच मला दम लागतो.

खाली पार्किंगमध्ये त्यांची जुनी स्कूटर उभी असते. दर रविवारी ते तिला आंघोळ घालतात, आरसे पुसतात, पण किक मारत नाहीत. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. का, असं विचारलं की प्रवचन सुरू. "ज्याले पेट्रोलची सवय लागली तो माणूस कामातून गेला, पोरी. उद्या तिकडं कोणी दोन देश भांडले का इकडं तुही स्कूटी बंद. बस काहून नाही पकडत? बस म्हणजे गरिबाची मोटार." पेट्रोलच्या भावानं माझी स्कूटी तशीही आठवड्यातून चार दिवस घरीच असायची, त्यामुळे हे प्रवचन मला बसमध्ये उभ्यानं ऐकावं लागे. दिवसभर ऑफिसात लोकांच्या पॉलिसीच्या तक्रारी ऐकायच्या असतात. त्याआधी हे.

पण काकांचा खरा जीव फुटबॉलमध्ये. इंजनपारा इलेव्हन नावाची एक टीम आहे. इंजनपारा वस्तीतल्या रेल्वेवाल्यांच्या पोरांनी कधीकाळी काढली, आणि तेव्हापासून ती हरते आहे. काका स्वतः तीत बॅक खेळायचे. आता रोज सकाळी टीमची प्रॅक्टिस बघायला जातात आणि रविवारी मॅच. काठावर उभे राहून ओरडतात, "सिग्नल दे रे, सिग्नल." पोरं हिंदीत त्यांना "हाँ कका" म्हणतात आणि बॉल भलतीकडेच मारतात. मी एकदा विचारलं, दरवेळी हरणाऱ्या टीमसाठी एवढी पायपीट कशाला? काका दुखावले.

"हारते तं हारते. येते तं नं मैदानावर? अन् आपली टीम वेळेच्या आधी कधी हारत नाही. पूर्ण नव्वद मिनिटं लागते त्याईले."

आता थोडं शहराबद्दल. रायपूरचं सौंदर्यीकरण चालू आहे. म्हणजे आधी रस्ता खोदतात, मग भिंती रंगवतात, आणि भिंत रंगून होते तोवर पुन्हा रस्ता खोदायची वेळ येते. सदर बाजारात जायचं म्हटलं तरी मी आता तोंडाला ओढणी बांधून निघते. आमच्या बसच्या वाटेवर मध्येच एक जुना स्टॉप होता, सिमेंटचा बाक आणि वर पत्रा. तो काढला आणि तिथं सेल्फी पॉइंट केला. थकल्या माणसानं टेकायचा बाक गेला, आणि हसऱ्या माणसानं पुढ्यात उभं राहायचं लाल लोखंडी हृदय आलं. बस आता तिथं थांबत नाही. सरळ पुढं पाण्याच्या टाकीपाशी थांबते.

त्याच जागी काका रोज एक विचित्र काम करत. बस त्या हृदयाजवळ आली की सीटवरचा गमछा उचलायचे, खिडकीबाहेर काढून दोनतीनदा जोरात झटकायचे आणि पुन्हा पसरायचे. सगळी धूळ माझ्या डोळ्यांत. मी कितीदा तरी चिडले. "काका, घरून झटकून आणत जा नं." ते म्हणायचे, "हव, हव," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकायचे.

स्टॉप गेल्याचं काकांनी फार मनाला लावून घेतलं. अर्जांवर अर्ज सुरू झाले. मनपाला, बसवाल्यांना, वॉर्डात. हिंदी लिहिणं त्यांना जमत नाही, म्हणून अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे. म्हणजे ऑफिसातून येऊन, कुकर लावून मी त्यांच्यासाठी "जनहित में निवेदन है" लिहायची. त्यांचं जनहित आठवड्यातून एकदा तरी उसळायचं.

गेल्या महिन्यात ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. इंजनपाऱ्याच्या मैदानाचंही सौंदर्यीकरण ठरलं होतं. अर्ध्यात चौपाटी, अर्ध्यात पार्किंग. तीन रविवार उरले होते. तिसऱ्या रविवारची मॅच त्या मैदानावरची शेवटची.

"लिही," काका म्हणाले. "स्टॉप त्याच्या आधी चालू झाला पाहिजे."

मी दमले होते. कुकरची शिट्टी होत नव्हती. "काका, मैदानाबद्दल अर्ज लिहायचा की स्टॉपबद्दल?"

"मैदान जाईन. त्याले कोण अडवते? स्टॉपचा लिही."

"मग असं लिहू? टाकीच्या स्टॉपऐवजी थोडं अलीकडे, चौकात स्टॉप द्या. ते देतील कदाचित."

"नाही चालत. त्या हृदयापाशीच पाहिजे."

"काहून पण? पन्नास पावलांनी काय बिघडतं?" मी पेन खाली ठेवलं. "काका, खरं सांगा, नाहीतर मी लिहीत नाही."

ते माझ्या ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "हृदयाच्या मांगं पिवळं घर हाये नं, ते बनसोडचं."

बनसोड म्हणजे त्यांचा दोस्त. रेल्वेत बरोबर लागलेला, इंजनपारा इलेव्हनचा जुना गोलकीपर. दोघं तीस वर्षं बसनं मॅचला गेले. काका आधीच्या स्टॉपवर चढून जागा धरायचे, बनसोड मधल्या त्या जुन्या स्टॉपवर चढून खिडकीशी बसायचे. तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी बस आली नाही.

"बनसोड म्हणे, थांब, येईन बस. मले घाई. स्कूटर नेली त्याच्या दारात, म्हटलं बस मांगं. ओव्हरब्रिजवर चढलो, अन् उतारावर म्या इंजिन बंद केलं."

"बंद?"

"पेट्रोल वाचवाले. आख्खं गाव करते पोरी, उतार आला का गाडी बंद. खाली गिट्टी पडून होती. चाक घसरलं. हेल्मेट एकच होतं. ते माह्या डोक्यावर. मले खरचटलं पण नाही. त्याचा गुडघा गेला, कपाळाले सात टाके."

कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"काय म्हणाले ते तुम्हाला?"

"काहीच नाही. दवाखान्यात एवढंच म्हणे, आता जाईन तं बसनंच जाईन. स्कूटर नाही, रिक्षा नाही, पोराची कार पण नाही. तो काठी घेऊन चालाले लागला तोवर यायनं स्टॉपच काढून टाकला. टाकीपर्यंत त्याच्यानं चालणं होत नाही."

"तुम्ही घरी जात नाही त्यांच्याकडे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? त्याची बायको दारात उभी राह्यते."

"आणि गमछा?"

"तो वरांड्यात बसून राह्यते त्या टायमाले. म्या खिडकीतून दाखवतो. म्हणजे त्याले समजते का जागा धरून हाये."

दोन वर्षं मी त्या गमछ्याच्या धुळीवरून भांडत होते. मला माझीच फार लाज वाटली. मी अर्ज लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच 'जनहित में' हे शब्द मनापासून लिहिले.

उत्तर शेवटच्या मॅचच्या दोन दिवस आधी आलं. सुझाव चांगला आहे, पुढच्या टप्प्यात विचार करू. काकांनी कागदाची घडी घातली, हेल्मेटच्या आत ठेवली आणि वर गेले.

तो रविवार उजाडला तोच अफवा घेऊन. दूर कुठंतरी भांडण पेटलं होतं, आता पेट्रोल मिळणार नाही. दुपारपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. लोक डबे घेऊन उभे, बाटल्या घेऊन उभे. ज्यांनी जन्मात सिटी बस पाहिली नव्हती ते सगळे बसमध्ये शिरले. मला सुट्टी होती, झोप काढायची होती, पण काकांना एकटं जाऊ द्यावंसं वाटेना. मी गेले आणि नेहमीप्रमाणे दांडा धरून उभी राहिले. काका हेल्मेट घालून, शेजारी गमछा.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत काकांवर तुटून पडले. "हम टिकट लेके खड़े हैं और आपका गमछा बैठके जाएगा?" मागून अजून दोघंतिघं बोलू लागले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. रोज तक्रार करणारी मीच होते.

"सवारी आवत हे, भैया," मी म्हणाले. "समोरून."

मग बस थांबली. सेल्फी पॉइंटच्या पलीकडे पेट्रोल पंप आहे. तिथली रांग वळण घेऊन आख्ख्या रस्त्यावर पसरली होती. पुढं मोटारी, मागं मोटारी. ड्रायव्हरनं जरा वाट पाहिली, आणि डिझेल कशाला जाळा म्हणून इंजिन बंद केलं. लाल हृदय बरोबर आमच्या बसच्या दारासमोर होतं. इतक्या अर्जांनी जी बस थांबली नव्हती ती लोकांच्या घाबरटपणानं थांबली.

काकांनी सवयीनं गमछा बाहेर काढला आणि झटकला. पण बस पुढं गेली नाही. गमछा तसाच बाहेर लोंबत राहिला. पिवळ्या घराच्या वरांड्यात एक उंच म्हातारा खुर्चीत बसला होता. गमछ्याला रोज उत्तर देत असावा तशी त्यानं काठी वर केली, आणि बस हलत नाही हे बघून ती हळूच खाली टेकवली. काका मान खाली घालून बसून राहिले.

"काका, उठा," मी म्हणाले. ते उठले नाहीत.

तिकडे बनसोड उठले. मागून त्यांची बायको काहीतरी म्हणाली, ते त्यांनी ऐकलं नाही. एकेक पाऊल टाकत फाटकाबाहेर आले. मी आणि कंडक्टर खाली उतरलो आणि दोन्ही बाजूंनी त्यांना धरून वर चढवलं. बसमधले लोक अंग चोरून बाजूला झाले. मघाचे गृहस्थही.

"कका," कंडक्टर म्हणाला, "तोर सवारी आ गे."

पुढचं सांगून टाकते. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा हाफ अर्धा झाला होता, आणि इंजनपारा इलेव्हन त्या मैदानावरची शेवटची मॅचही इमानदारीनं हरली. पण मला सांगायचं आहे ते बस तिथं अडकलेली असतानाचं.

"जय भीम, मेश्राम," बनसोड म्हणाले. कपाळावर टाक्यांची पांढरी रेघ होती. "लाइन क्लिअर हाये का?"

काकांनी गमछ्यानं जागा पुसली, स्वतः उठून वाट दिली. बनसोड सरकत सरकत खिडकीशी बसले, पाय लांब करून त्यांनी मोठा श्वास सोडला. काका शेजारी बसले. मग हनुवटीखालचा पट्टा सोडला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आतला कागद काढून खिशात घातला आणि हेल्मेट बनसोडांच्या डोक्यावर चढवलं.

"अबे, बसमध्ये हेल्मेट कायले?"

"तू माह्या बाजूला बसून राहिला नं," काका म्हणाले.

बनसोडांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि हनुवटी जरा वर केली. काका पट्टा लावू लागले.